तेरावी बाटली

इफ्फतभाबीच्या लाकडी पेटीला बारा भोकं आहेत. होड्यांचं काम करणाऱ्या हरिश्चंद्र मेस्त्रींनी ती फणसाच्या फळीची करून दिली होती, भाबी लग्न होऊन राजिवड्यात आली त्याच्या दुसऱ्या वर्षी. एका भोकात नेलपॉलिशची एक बाटली, असे बारा रंग. नवीन फॅशनचा रंग दाखवून कोणी हट्ट केला तर भाबी म्हणायची, "तेराव्या रंगाची बाय मला अजून भेटली नाय."

तेरावी बाटली तिच्याकडे गेल्या वर्षी मे महिन्यात आली आणि तिने भाबीचा वीस वर्षांचा धंदा एका सकाळीत घालवला. भाबीने त्याचा सूड घेतला. मी तिला मदत केली, आणि मला त्याचं अजून वाईट वाटलेलं नाही.

भाबीचं पूर्ण नाव इफ्फत होडेकर. तिचा नवरा मन्सूरभाई तेलाच्या जहाजावर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. राजिवडा, कर्ला, भाट्ये, या भागात लग्न ठरलं की हॉलच्या आधी भाबीची तारीख घेत. ती नवरीला मेंदी काढायची आणि नखं करायची. माझी आई बकुळा तिच्या मागच्या दारी मासे घेऊन जाते, त्यामुळे मी लहानपणापासून त्या ओट्यावर बसलेली आहे. माझं रंगांचं पहिलं ज्ञान शाळेच्याही आधीचं, त्या पेटीतलं.

भाबीच्या कामाला एक नियम होता आणि तो समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नमाजाच्या आधी हातपाय धुतात, त्याला वुजू म्हणतात. नखावर पॉलिशचा पापुद्रा असला तर पाणी नखाला लागत नाही. मग वुजू पुरा होत नाही आणि नमाजही होत नाही. मेंदीचं तसं नाही. मेंदी नखात मुरते, वर थर धरत नाही. म्हणून पाच वेळची नमाज पढणाऱ्या बायका पॉलिश लावायच्या ती फक्त महिन्याच्या त्या दिवसांत, जेव्हा नमाज माफ असते. पहिल्या दिवशी भाबी लावून द्यायची, शेवटच्या दिवशी जाऊन काढून यायची. कोणाच्या तारखा काय आहेत हे तिला पाठ होतं. कुठल्या सुनेला दिवस गेलेत हे सासूच्या आधी भाबीला कळायचं. पण ते तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही.

तिच्या हाताखाली चार वर्षं तस्नीम शिकली. हलिमाबींची मुलगी, हात हलका, बोलणं गोड. शिकून झाल्यावर तिने मारुती मंदिराजवळ पार्लर काढलं. दोन खुर्च्या, एसी, गुलाबी पाटी. भाबीने स्वतः जाऊन तिथे पेढे वाटले होते.

मग तस्नीमने 'जलनूर' आणली. बाटलीवर हिरवं पान, पानावर पाण्याचा थेंब, खाली लिहिलेलं: पाणी आरपार जातं, विषमुक्त, दहा घातक रसायनं नाहीत, फॉर्माल्डिहाइड नाही. म्हणजे ही लावून वुजू होतो, ही काढायची गरज नाही. बायकांना केवढा आनंद झाला होता. तरुण मुली तर सोडाच, साठीच्या हलिमाबीसुद्धा हातापायांची नखं लाल करून बाजारात फिरायला लागल्या. आयुष्यभर सात दिवसांची हौस. ती एकदम तीस दिवसांची झाली.

भाबीने ती घेतली नाही. "माज्या पेटीत भोक नाय," एवढंच म्हणाली.

पण कर्ल्याच्या फरीदाबींची मुलगी रुमाना, माझी शाळेतली मैत्रीण, तिचं लग्न आलं. रुमानाला नखांना जलनूरच हवी होती, ती वर्षभर तीच लावत होती. फरीदाबी म्हणाल्या, मेंदी-नखं इफ्फतच करणार, पॉलिश मात्र पोरीच्या आवडीची. तस्नीमने बाटली स्वतः आणून भाबीच्या हातात दिली. "भाबी, तुमच्याच हातून लागू दे," असं म्हणाली. पेटीत जागा नव्हती. भाबीने ती कापसाच्या कप्प्यात उभी केली.

निकाहच्या सकाळी रुमाना उठली तेव्हा तिच्या पापण्या सुजून बंद झाल्या होत्या. वरची कातडी लाल, ओलसर, मानेवरही चट्टे. मी तिथे होते. मेकअपवाली नुसती बघत उभी राहिली. शेवटी ओढणी नाकापर्यंत ओढून निकाह लावला.

फरीदाबींच्या पडवीत तीस-पस्तीस बायका होत्या. फरीदाबींनी सगळ्यांसमोर विचारलं, "इफ्फत, काय लावलंस माज्या पोरीला?"

भाबीने बाटली दाखवली. तस्नीम पुढे आली, बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि परत दिली.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "बाटली माझ्याकडच्यासारखी आहे. आत काय भरलंय ते अल्लाला ठाऊक. जुन्या बाटल्यांत स्वस्तातलं भरणारे खूप असतात."

भाबीने तिच्याकडे बघितलं. मग ती खाली बसली, एकेक बाटली भोकात ठेवली, पेटी बंद केली आणि चालत घरी गेली. तिच्या बाजूने एकही बाई बोलली नाही. मीही बोलले नाही. मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

त्यानंतर भाबीला फोन आले ते तारखा रद्द करायला. बकरी ईदला तिच्या ओट्यावर कोणी मेंदीला बसलं नाही. पोरं रस्त्यावरून जाताना "डोळेवाली" म्हणायची. माझ्या आईने विचारलं, "भाबी, आता काय करशील?"

"काय नाय. थांबेन."

"कशासाठी?"

"त्याच पडवीत, त्याच बायकांसमोर तस्नीमने म्हणायचं, बाटली माजी होती. मला तिचं दुकान नको, भरपाई नको. हे तीन शब्द हवेत. ते मी घेणार."

आई घरी येऊन मला म्हणाली, "तिचे डोळे बघायला हवे होतेस. उद्या तस्नीमचं काय खरं नाय."

मी रसायनशास्त्र घेऊन पदवी केली आणि आता लोट्याला एका रेझिनच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. रेझिन म्हणजे रंगाला चिकटपणा आणि चकाकी देणारा चीक समजा, कारखान्यात बनवलेला. शनिवारी घरी येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुमानाचा फोन आला. त्वचेच्या डॉक्टरकडे जायचंय, सोबत ये. तिच्या पापण्या परत सोलल्या होत्या.

"परत म्हणजे?"

"मधून मधून होतंच. अम्मी म्हणते, इफ्फतभाबीच्या विषाचा अंश अजून अंगात आहे."

डॉक्टरांनी तिच्या पाठीवर छोट्या चौकोनी पट्ट्या लावल्या, प्रत्येकीखाली एकेक रसायन. दोन दिवसांनी काढल्या तर एकच चौकोन लाल भडक. त्यांनी कागदावर नाव लिहिलं: टोसिलामाइड फॉर्माल्डिहाइड रेझिन. ते नाव मी दोनदा वाचलं. हे माझ्या रोजच्या कामाच्या भाषेतलं नाव होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "नेलपॉलिश महिन्यातून किती दिवस असते?"

"तीसच्या तीस."

"एकदा लावली की किती दिवस टिकते?"

रुमाना जरा लाजली. "पाच वेळा पाणी लागतं ना, कडेने उडते. एक दिवसाआड परत एक हात मारते."

मी घरी येईपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. हे रेझिन पॉलिशला चमक देतं आणि नखाला धरून ठेवतं. ज्याच्या अंगाला ते सोसत नाही त्याच्या नखाला काही होत नाही, कारण नख मेलेलं असतं. पण ओल्या नखाचा हात दिवसातून शंभर वेळा डोळ्याला, मानेला लागतो, आणि पापणीची कातडी सगळ्यांत पातळ. म्हणून लावायचं बोटाला आणि सुजायचं डोळ्याला. आणि अंग असं उलटतं ते सहसा पहिल्या दिवशी नाही. पुन्हा पुन्हा लागून लागून एक दिवस उलटतं. पूर्वी या बायका महिन्यातून एकदा लावायच्या, सात दिवस ठेवायच्या, तीन आठवडे नख उघडं. त्या नमाजाच्या नियमाने त्यांना सांभाळलं होतं आणि कोणाला ते माहीतही नव्हतं. जलनूरने तो नियमच काढून घेतला. रुमाना वर्षभर दिवसाआड ते अंगाला लावत होती, आणि ते उलटलं नेमकं निकाहच्या सकाळी.

सर्वांत मोठी गोष्ट ही की लग्नानंतर रुमानाने भाबीच्या पेटीला हातही लावला नव्हता. ती तस्नीमच्या दुकानातली बाटली वापरत होती, तरी पापण्या सोलत होत्या.

मी धावत भाबीकडे गेले. सगळं एका दमात सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"पण बाटलीवर लिवलंय ना, ते फॉर्म का काय, ते नाय म्हणून?"

"समोरच्या बाजूला काहीही लिहितात, भाबी. ते जाहिरातीचं तोंड. खरं मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. आणि फॉर्माल्डिहाइड वेगळं घातलं नाही, पण त्याच्यापासून केलेलं रेझिन घातलं, तर समोर 'नाही' लिहायला मोकळे."

ती उठली, माळ्यावरून पेटी काढली. मे महिन्यापासून उघडलीच नव्हती. तिची एक सवय होती: प्रत्येक लग्नानंतर कापूस थिनरमध्ये भिजवून प्रत्येक बाटलीची मान आणि अंग पुसायचं, म्हणजे झाकण चिकटत नाही. त्या दिवशी अपमान होऊन घरी आल्यावर तिने पहिल्यांदा ते केलं नव्हतं. आता तिने सवयीने कापूस भिजवला आणि तेरावी बाटली पुसायला घेतली.

हिरव्या पानाची शाई कापसाला लागली. मागच्या बाजूचं लेबल कडेने उचललं गेलं. भाबीने नखाने हळूच ओढलं. खाली दुसरं लेबल होतं, दुसऱ्याच कंपनीचं, मुंबईच्या घाऊक बाजारातलं.

"वाच."

मी वाचलं. डॉक्टरांच्या कागदावरचं रेझिन तिसऱ्या नंबरला होतं. पाचव्याला डायब्युटाइल थॅलेट, जे पॉलिश मऊ राहावी म्हणून घालतात आणि चांगल्या कंपन्यांनी कधीच सोडून दिलंय, कारण ते पोटुशी बाईच्या बाळाला बरं नाही अशी शंका आहे.

"परत वाच," भाबी म्हणाली. मी परत वाचलं. तिने डोळे मिटून ऐकलं, जसं काय मी गाणं म्हणत होते.

"आजच तक्रार करू," मी म्हणाले. "सरकारी ऑफिस असतं याच्यासाठी. मी अर्ज लिहिते."

"लिव तू अर्ज. पण ठेवून दे. साहेब येईल, तस्नीमच्या दुकानाचं दार लावून घेतील, आत काय बोलणं होईल ते होईल. मला दार उघडं हवंय."

"तोपर्यंत बायका लावत राहतील."

"लावू देत."

"भाबी, त्यात रुमानासारख्या आणखी कोणी असतील."

"माज्यासारखी कोणी होती का?" तिने विचारलं. "तीस जणी होत्या तिथे. वीस वर्षं हात धरलाय मी त्यांचा. लावू देत."

मी रुमानाला सगळं सांगितलं आणि तिची बाटली कचऱ्यात टाकायला लावली. तिच्या पापण्या पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या. पण तिलाही भाबीने गप्प राहायला सांगितलं, आणि ती राहिली, कारण त्या ओढणीखालच्या निकाहचे फोटो ती अजून कोणाला दाखवत नव्हती. ऑगस्टमध्ये तिला दिवस गेले. भाबीला ते कळलं तेव्हा तिने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, "सातवा महिना रमजानच्या आधी येतोय. चांगलं हाय."

कर्ल्यात मुलीला सातवा महिना लागला की माहेरी फुलांचा कार्यक्रम करतात. तिला नवे कपडे, हिरव्या बांगड्या, गजरे, आणि सगळ्या बायकांना जेवण. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुपारची नमाज झाल्यावर फरीदाबींच्या पडवीत तीच सगळी मंडळी जमली. मी होते, आणि माझी आई सुरमई देऊन मागच्या दारात रेंगाळली होती. "पाटी उचलायला कंबर धरलीय," असं ती म्हणत होती. तिची कंबर ठणठणीत होती.

तस्नीम आपली बॅग उघडून रुमानासमोर बसली. "ही पोटातल्या बाळालाही चालते हां," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. रुमानाने हात मागे घेतला.

"मी इफ्फतभाबींना बोलावलंय."

पायरीवर भाबी उभी होती. निळा बुरखा, हातात फणसाची पेटी. फरीदाबी उठल्याच. "कोणाला विचारून आलीस?"

"अम्मी, मी बोलावलंय," रुमाना म्हणाली. "माझा दिवस आहे आज."

भाबी खाली बसली. तिने पेटीतून पतंगाच्या कागदाचा एक तुकडा काढला. त्यावर आदल्या दिवशी मेंदीचा गोल काढून, वाळवून, खरवडून टाकला होता, तांबूस डाग उरला होता. दुसरा कोरा तुकडा तिने तस्नीमपुढे ठेवला.

"तुज्या बॅगेतली नवी बाटली घे. तू फोड. तुज्या हाताने इथे एक गोल लाव. माजा हात लागायला नको, परत म्हणशील भरलंय."

"कशाला हे नाटक, भाबी?"

"वीस वर्षं मी तुम्हांला मेंदी लावली, नाटक एकदाच करतेय. लाव."

सगळ्या बघत होत्या, तस्नीमला लावावं लागलं. ते पंख्याखाली वाळत ठेवलं. माझी आई मागून म्हणाली, "आमची सुरमई पण एवढा वेळ वाळत नाय." दोघी-तिघी हसल्या.

वाळल्यावर भाबीने वुजूचा तोटीचा लोटा मागवला. मेंदीच्या डागावर थेंब सोडला, वुजूत चोळतात तसं बोटाने चोळलं आणि कागद उलटा केला. मागची बाजू चिंब भिजली होती. मग पॉलिशच्या गोलावर थेंब सोडला. चोळला. पुन्हा सोडला, पुन्हा चोळला. उलटा केला. कोरडा.

तिने तो कागद पहिल्यांदा फरीदाबींच्या हातात दिला. फरीदाबींनी मागच्या बाजूला अंगठा लावला, मग गालाला लावून बघितला. तो हातोहात फिरत शेवटच्या बाईपर्यंत गेला.

"कागद वेगळा, नख वेगळं," तस्नीम म्हणाली.

"बरोबर. नख कागदापेक्षा जाड असतं गो." भाबीने थिनरचा कापूस तस्नीमच्या नव्या बाटलीवर फिरवला. पान गेलं, लेबल उचललं, खालचं लेबल उघडं पडलं. "वाच गं," ती मला म्हणाली.

मी उभी राहून वाचलं, शेवटच्या नावापर्यंत, आणि प्रत्येक नाव कशासाठी घालतात ते मराठीत सांगितलं. थॅलेटचं सांगताना पडवीत कुजबुज झाली. रुमानाने मग डॉक्टरांचा कागद काढला आणि बाटलीवरचं तिसरं नाव त्यात बोटाने दाखवलं. "लग्नानंतर मी फक्त तस्नीमच्या दुकानातली वापरली. जुलैपर्यंत. बंद केली आणि डोळे बरे झाले. अम्मी, तू मात्र भाबींच्या विषाचा अंश म्हणत राहिलीस."

"हे कंपनीने चिकटवलंय," तस्नीम म्हणाली. "मला काय माहीत?"

मागच्या दारातून आईचा आवाज आला. "कंपनी म्हणजे तुजा भाऊ उमेर काय? छापखान्यातून हिरव्या पानांची भेंडोळी घेऊन आला होता. माज्या पाटीवर ठेवून चहा प्यायला गेला. मला वाटलं, मतदानाची चिन्हं हायत."

या वेळी कोणी हसलं नाही. फरीदाबी स्वतःच्या नखांकडे बघत होत्या. गुलाबी, नीट लावलेली. "म्हणजे माज्या नमाजा?" त्या हळू म्हणाल्या. "वर्ष होऊन गेलं."

"ते मौलानांना विचारा," भाबी म्हणाली. "मी पॉलिशवाली."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"जुलैपासून."

"आणि गप्प बसलीस? सात महिने? आम्ही नमाजा पढत होतो, इफ्फत."

"मे महिन्यात तुम्ही कुठे बोललात?" भाबी म्हणाली. "रमजानच्या आधी सांगितलं. एवढं तरी माना."

तेवढ्यात कोपऱ्यातून हलिमाबी उठल्या. तस्नीमची आई. त्या तिथे असतील हे भाबीला माहीत नव्हतं. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कर्ल्यापर्यंत सहसा येत नाहीत. भाबी नवी सून म्हणून राजिवड्यात आली, तेव्हा मेंदीचा कोन कसा धरायचा ते हलिमाबींनी तिला शिकवलं होतं. त्या सावकाश चालत आल्या, भाबीपुढे बसल्या आणि दोन्ही हात तिच्या मांडीवर ठेवले. दहाही नखं लालभडक.

"काढ गो," त्या म्हणाल्या.

भाबीचा हात थांबला. सबंध दुपारभरात मी तिला पहिल्यांदा थांबलेलं बघितलं. मला वाटलं, ती आता उठेल, पेटी बंद करेल, एवढं पुरे म्हणेल. तिने मान वर केली आणि तस्नीमकडे बघितलं.

"तस्नीम, खिडकी उघड. वास कोंडतो. आणि वाटी धर."

तस्नीमने खिडकी उघडली. मग आईच्या शेजारी गुडघ्यावर बसून वाटी धरली. भाबी एकेक नख कापसाने दाबून धरायची, दहा आकडे मोजायची, पुसायची, आणि लाल कापूस तस्नीमच्या वाटीत टाकायची. खालून नखं हळदीसारखी पिवळी निघाली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्या नखाला हलिमाबींनी मुलीकडे न बघताच म्हटलं, "बोल."

"काय बोलू?"

"तुला ठाऊक हाय."

"बाटली माझी होती," तस्नीम म्हणाली.

भाबी पाचवं नख पुसत होती. तिने मान वर केली नाही. "मागच्या दाराला बकुळा उभी हाय. तिला ऐकू गेलं नाय."

"मला ऐकू—" आई बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनी दटावलं.

"बाटली माझी होती. इफ्फतभाबींनी काही भरलं नव्हतं. मी खोटं बोलले." या वेळी आवाज अंगणापर्यंत गेला.

भाबीने उरलेली पाच नखं पुसली. घाई केली नाही. मग हलिमाबींच्या बोटांना खोबरेल लावलं, एकेक बोट चोळून. हलिमाबींनी तिचं मनगट धरलं.

"झालं ना तुजं समाधान? आता माफ कर तिला."

"हलिमाखाला," भाबी म्हणाली, "नख मुळापासून टोकापर्यंत यायला सहा महिने लागतात. ही पिवळी नखं जाऊन पांढरी आली की या. तेव्हा विचार करीन."

तिने पेटी उचलली. फरीदाबी "जेवून जा" म्हणाल्या. ती जेवली नाही. पायरी उतरताना तिने रुमानाला मात्र जवळ घेतलं आणि तिच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटली.

सोमवारी मी अर्ज पाठवला. महिन्याभरात गुलाबी पाटी उतरली. तस्नीम आता लांज्याला कोणाच्या तरी पार्लरमध्ये दुसऱ्याच्या हाताखाली काम करते. रमजानमध्ये मोहल्ल्यातल्या बायका मौलानांच्या बायकोकडे रांग लावून बसत होत्या, राहिलेल्या नमाजांचं काय करायचं ते विचारायला. त्यातल्या काही अजून भाबीशी बोलत नाहीत, कारण तिने सात महिने गप्प बसायला नको होतं. त्यांचं बरोबर आहे. भाबीला सांगितलं तर ती म्हणते, "बरोबर हाय त्यांचं," आणि पुढचं काम करते.

लग्नं परत आली. आता तिच्या पेटीच्या झाकणाला आतून मी लिहिलेला कागद चिकटवलाय: कुठली चार नावं मागच्या बाजूला दिसली तर बाटली परत करायची, मराठीत, मोठ्या अक्षरात. दुकानदाराला ती बाटली उलटी करून वाचायला लावते. बारापैकी पाच बाटल्या तिने टाकून दिल्या. त्या जागी पाण्यात मिसळणाऱ्या पॉलिशच्या दोन आल्या, त्या फार टिकत नाहीत, पण तिला टिकाऊ नकोच आहे. तीन भोकं रिकामी आहेत. लावताना खिडकी उघडी, कातडीला लावायचं नाही, पुरती वाळेपर्यंत हात तोंडाला न्यायचा नाही, आणि सात दिवसांनी ती काढायला दारात उभी. तेरावी बाटली तिने टाकली नाही. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते, अर्धं लेबल सोललेली.

गेल्या महिन्यात मी तिच्या ओट्यावर बसले होते तेव्हा हलिमाबी आल्या. गुडघे धरत पायऱ्या चढल्या, बसल्या, आणि दोन्ही हात पुढे केले. नखं मुळापासून टोकापर्यंत पांढरी होती. एकही डाग नाही.

भाबीने त्यांना चहा दिला, सोबत नानकटाई. दहा नखं एकेक करून खिडकीच्या उजेडात बघितली.

"हाताची झाली, खाला," ती म्हणाली. "आता पायाची दाखवा."

हलिमाबींनी सलवार जरा वर केली. अंगठ्याचं नख अर्ध्यावर पिवळं होतं.

"मग?" हलिमाबींनी विचारलं.

"मग चहा प्या, निवतोय."

पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष लागतं, हे तिला मीच सांगितलं होतं.